भरती किती वाजता आहे?

तारकर्लीच्या रस्त्याला लागलात की दर पन्नास पावलांवर एक फ्लेक्स दिसतो. निळंशार पाणी, तोंडात नळी धरून अंगठा वर केलेला कुणीतरी, आणि खाली यादी : डॉल्फिन पॉइंट, गोल्डन रॉक, निवती किल्ला, भोगवे बीच, सीगल पॉइंट, संगम, त्सुनामी आयलंड. त्याखाली दोन मोबाइल नंबर. कुणाकडे पाच पॉइंट असतात, कुणाकडे सात. आणि शेजारच्याकडे सात आहेत म्हणून पुढचा नऊ करतो. वरचे दोन कुठून आले ते बघायला गेलं, तर एकाच खडकाचे दोन झालेले असतात.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन मालवण तालुक्यातल्या चौक्याजवळच्या एका वाडीत आले आणि माहेरच्या गोतावळ्यातलं ‘मालवण खातं’ आपोआप माझ्याकडे आलं. परीक्षा संपल्या की ताईच्या यजमानांचा मेसेज ठरलेला : “काय काय हाय बघायला? लिस्ट टाक की ग्रुपवर.” मी लिस्ट टाकत नाही. उलट विचारते, “दाजी, येणार त्या दिवशी तिथी कुठली?” दाजींची समजूत झाली आहे की कोकणात येऊन मी सोवळ्यात पडले.

तिथीचं गणित माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावोजींनी, शिकवलं. त्यांची स्वतःची होडी आहे. वर्षातले काही महिने मासे, काही महिने पर्यटक. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे समुद्र आपला जागच्या जागी. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर फोनवर मिळतो. पण कॅलेंडर बघितल्याबरोबर “त्या दिवशी सकाळी किल्ल्यावर जाऊ नका, संध्याकाळी जा” असं सांगता येतं ते या पाऊणपटीमुळे.

पाहुण्यांचं वेळापत्रक वेगळ्याच गोष्टींवर ठरलेलं असतं. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सगळे पॉइंट, रविवारी दुपारी मासे खाऊन परत. त्या वेळापत्रकात पाणी कुठेच नसतं, आणि इथे जे काही बघण्यासारखं आहे ते सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं.

किल्ल्याचंच घ्या. मालवणच्या जेटीवरून होडी सुटते आणि समोर दिसणाऱ्या सिंधुदुर्गाकडे सरळ जायचं सोडून वळसे घ्यायला लागते. पाहुण्यांना वाटतं, फेरी मोठी वाटावी म्हणून करतात. पाण्याखाली खडक आहेत. किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटाच्या भोवती ते सगळीकडे पसरले आहेत आणि त्यातून जायची वाट ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत असते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथल्या कामाचा मुहूर्त केला तो या खडकांकडे बघूनच. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज, डच, सगळ्यांची जहाजं या पाण्यात फिरत होती, आणि इथे मोठं जहाज अंदाजाने आत घालणं म्हणजे तळ फोडून घेणं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत, १६६७ साली, किल्ला उभा राहिला. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, आतलं क्षेत्र अठ्ठेचाळीस एकर. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही.

हे सगळं गाइड सांगतोच. भरतीला गेलात तर त्याचं सांगणं ऐकून मान डोलवायची, एवढंच हातात राहतं, कारण भोवती सपाट निळं पाणी असतं. उतरत्या पाण्याला जा आणि पश्चिमेच्या तटावर चढून उभे राहा. बघता बघता काळ्या खडकांच्या पाठी वर यायला लागतात. आधी नुसता फेस दिसतो, मग फेसाच्या जागी दगड, मग दगडांची रांग, रांगेच्या मागे दुसरी रांग. किल्ल्याची बाहेरची तटबंदी ही आहे, आणि ती ओहोटीलाच दिसते. माझा भाचा एरवी फोनमधून मान वर काढत नाही. तिथे त्याने फोन खाली घेतला आणि विचारलं, “मग आपली होडी कशी आली?” एवढा एक प्रश्न पडला की किल्ला बघून झाला असं मी समजते.

होडीवाला तासाभरात परत या म्हणतो. त्या तासात लोक शिवराजेश्वर मंदिरात जातात, चुन्यातले, महाराजांचे म्हणून दाखवतात ते हातापायांचे ठसे बघतात आणि पळतात. मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. आतली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, त्यामुळे नवा माणूस क्षणभर गोंधळतो. मी सगळ्यांना आवर्जून विहिरी दाखवते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात. एका घराच्या ओट्यावर कोकम सरबत विकायला ठेवलेलं असतं. ते सरबत याच पाण्याचं, असं सांगितलं की लोक दुसरा ग्लास घेतात.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही जागतिक वारशाच्या यादीत गेला. जेटीवर त्याचा मोठा फलक लागला. मालवणच्याच राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला आणि पुढच्या वर्षी तिथे नवा, आणखी उंच पुतळा झाला. त्यावर सगळ्यांचं बोलून झालेलं आहे. मला त्यापेक्षा वायरीच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा जवळचा वाटतो. खडकात कोरलेला गणपती, सूर्य, चंद्र. किल्ल्याच्या कामाची पूजा इथे झाली. फ्लेक्सवर त्याचं नाव नसतं. एका जागी कोरलेला दगड, त्याला होडी लागत नाही, जॅकेट लागत नाही. मग त्याचे पैसे कसे घेणार?

आता यादीतल्या सर्वांत लाडक्या पॉइंटकडे. तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे माडांनी भरलेली जमिनीची पट्टी. ती पुढे पुढे निमुळती होत जाते. काही घरांच्या पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात नदी. पट्टी संपते तिथे संगम. संगमाच्या आत वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला २००४ नंतर त्सुनामी आयलंड म्हणायला लागले. नदी वाळू खाली आणते, समुद्र ती परत आत लोटतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मुखाशी असे पट्टे तयार होतात, सरकतात, बुडतात. ओहोटीला त्यावर चहाच्या टपऱ्या, भज्यांच्या कढया, बनाना राइडच्या रांगा, जेट स्कीचा धूर. चार तासांनी गेलात तर गुडघाभर पाणी, आणि टपरीवाला टेबल डोक्यावर घेऊन होडीत चढताना दिसतो. भरतीच्या वेळी पोचलेले पाहुणे होडीवाल्यावर खवळतात. “आयलंड दाखवतो म्हणाला होतास, कुठाय?” एकदा माझ्यासमोर भावोजींनी शांतपणे उत्तर दिलं, “पायाखाली आसा.”

त्यांचं गिऱ्हाइकांशी असं बोलणं धंद्याला बरं नाही, असं मी त्यांना सांगून बघितलं. त्यांचं म्हणणं, “समुद्र काय आमच्या बापाशीचो नाय. असतो तर अकरा वाजता उठवून बसवलो असतो.”

देवबागची खरी गोष्ट पाहुण्यांना दोन पावलं मागे चालत आलं तरी दिसते. समुद्राच्या अंगाला मोठमोठ्या काळ्या दगडांचा बंधारा घातलेला आहे, कारण दर पावसाळ्यात समुद्र जमीन खातो. मुळं उघडी पडलेले माड, कुंपणाचा अर्धा खांब वाळूत, आणि त्याला लागून नव्या कोऱ्या रंगाची ‘सी टच’ खोली. सी टचचा एवढा अक्षरशः अर्थ कुणी घ्यायला नको होता. पण खोलीवाल्याचं काय चुकलं? नारळ आणि मासळीवर घर चालेना, तेव्हा त्याने मागचा पडवीचा भाग काढून दोन खोल्या बांधल्या. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर तारकर्ली-देवबागात घरोघरी हेच झालं. सरकारी न्याहारी-निवास योजनेतून सुरुवात, मग एसी, मग फ्लेक्स. वरच्या खोलीत पुण्याचं कुटुंब आणि खालच्या पडवीत जाळं विणत बसलेले आजोबा, असं अजून कुठे कुठे दिसतं.

डॉल्फिनबद्दल थोडक्यात. मच्छीमार त्यांना गादे म्हणतात. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, ते भोगवे-निवतीच्या बाजूला दिसतात. एका गाद्यामागे पाच-सहा होड्या इंजिनं ताणून धावायला लागल्या की तो बुडी मारतो आणि लांब कुठेतरी वर येतो, मग सगळ्या होड्या तिकडे. चांगला होडीवाला इंजिन बंद करून थांबतो. थांबलं की गादे आपणहून जवळ येतात, निदान येण्याची शक्यता तरी राहते. पण थांबणाऱ्या होडीवाल्याला ‘डिझेल वाचवतो’ असं म्हणणारेही पाहुणेच असतात.

स्कूबाचंही पाण्यावरच. हिवाळ्यात, वारा नसताना, किल्ल्याजवळच्या खडकांत पाणी स्वच्छ असतं. प्रवाळ आहेत, चट्ट्यापट्ट्यांचे मासे आहेत. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मालवणात दुकानात किंवा हॉटेलात विचारलंत, की कुठाय हो अभयारण्य, तर समोरचा माणूस समुद्राकडे हात करतो आणि विषय बदलतो. मच्छीमारांना भीती, की उद्या याच कागदाने आपलं जाळं अडवतील. म्हणून ते त्याचं नाव काढत नाहीत. पर्यटनवाल्यांना त्या नावात अडचण दिसते. तर इतक्या वर्षांचं अभयारण्य लोकांच्या बोलण्यात नाहीच. मे महिन्यात पाणी गढूळ व्हायला लागतं आणि पाण्याखालचे व्हिडिओ सगळे एकसारखे हिरवट येतात. तरी सर्वांत जास्त गर्दी मे महिन्यातच.

पाहुण्यांपैकी जे पहाटे उठायला तयार असतात त्यांना मी रापण बघायला नेते. हा माझा एकमेव हट्ट. दांडीच्या किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावर, उजाडताना. होडी जाळं घेऊन आत जाते, दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून. पाण्यात मोठा अर्धगोल टाकते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढायला सुरुवात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, रस्सीखेच चालली आहे. जवळ गेल्यावर कळतं की यात झटका नाही. दोर कमरेला टेकवून माणसं उलटी चालतात. टाच वाळूत रोवायची, अंगाचा भार मागे टाकायचा, मग दुसरी टाच. रांगेतला शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडतो, चालत पुढे पाण्यापर्यंत जातो आणि पुन्हा पहिला होऊन धरतो. मागे एकजण ओला दोर वेटोळं करून ठेवत जातो. कुणी घाई करत नाही. दोन्ही टोकांची माणसं ओढता ओढता एकमेकांच्या जवळ सरकत येतात. अर्धगोल लहान होत जातो. तासाच्या वर वेळ जातो.

आणि मग शेवटच्या काही मिनिटांत एकदम सगळं. पाणी खदखदायला लागतं. बांगडे, पेडवे, तारल्या, मधूनच एखादा सौंदाळा, पाच-सहा खेकडे, जेलीफिश, आणि आता हमखास प्लास्टिक. वर घारी आणि बगळे, खाली टोपल्या घेऊन आलेल्या बायका. भाव तिथेच, वाळूत उभ्या उभ्या. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, होडीचा वाटा असतो, जाळ्याचा वाटा असतो. कुणाचा किती यावर मोठ्याने बोलणं होतं, पण भांडण झालेलं मी पाहिलं नाही. मागच्या खेपेला दाजी हौसेने दोराला लागले. दहा मिनिटांत हात सोलले, आणि जाताना एका म्हाताऱ्याने त्यांच्या हातात कागदात गुंडाळून तीन बांगडे ठेवले. वाटा! दाजी कोल्हापुरात अजून त्या बांगड्यांबद्दल बोलतात. पॅरासेलिंगचा व्हिडिओ कुठे गेला ते त्यांना आठवत नाही.

रापणीला कधी कधी काहीच लागत नाही. तासाच्या वर ओढून जाळ्यात दोन टोपल्या. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे आत खोल पाण्यातच उचलले, की किनाऱ्यापर्यंत यायचं काय? इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध किती आंदोलनं केली; २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंधही घातले. रात्री आत समुद्रात त्या मोठ्या जाळीवाल्यांच्या दिव्यांचा झगमगाट दिसतो तेव्हा भावोजी काही बोलत नाहीत, नुसते त्या दिशेला हनुवटी उडवतात. पाहुण्यांना मात्र ते दिवे फार सुंदर वाटतात. फोटो काढतात.

समुद्राला पाठ करून अर्धा दिवस काढायची कुणाची तयारी असेल तर धामापूरला न्यावं. आमच्या घरापासून जवळ, कुडाळच्या रस्त्यावर. दोन डोंगरांच्या मधे बांध घालून १५३० साली नागेश देसाई यांनी हा तलाव बांधला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. काठावर भगवतीचं देऊळ. पूर्वी लग्नकार्याला दागिने हवे असले की परडीत फुलं ठेवून देवीला सांगायचं, पाण्यातून दागिने वर यायचे. काम झालं की परत करायचे. मग कुणीतरी परत केले नाहीत, आणि देवीने देणं बंद केलं. ही गोष्ट सांगताना आमच्या सासूबाईंचा आवाज खाली जातो, जसं काही तो कुणीतरी शेजारच्याच वाडीतला होता. मला त्या तलावात आवडतं ते वेगळं. मालवण शहराला नळाचं पाणी या तलावातून जातं. म्हणजे समुद्रात डुंबून आलेला पाहुणा अंगावरचं मीठ धुतो ते जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी भातासाठी अडवलेल्या पाण्याने. हॉटेलच्या बाथरूममध्ये याची पाटी लावायला काय हरकत आहे?

कुडोपीचा सडाही मालवण तालुक्यातलाच. जांभ्याच्या उघड्या सड्यावर माणसांच्या, प्राण्यांच्या, न ओळखू येणाऱ्या आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर कुडोपी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे. दुपारी बाराला गेलात तर तापलेला कातळ आणि तुम्ही. रेषा उथळ आहेत, डोक्यावरच्या उन्हात पुसल्यासारख्या होतात. सूर्य कलला की प्रत्येक रेषेच्या एका कडेला बारीक काळी सावली धरते, आणि जिथे आपण मघाशी चप्पल घालून उभे होतो तिथे कुणाचा तरी पाय उमटलेला दिसतो. पटकन बाजूला व्हायला होतं. चप्पल गाडीतच ठेवावी हे बरं.

जेवणाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण एक सांगते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी. त्या दिवसांत ताटात सुरमईचा जाडजूड तुकडा आला तर तो बर्फातून आला, एवढं समजून खा. त्याऐवजी तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, मागा. ओहोटीला खाडीत कमरेइतक्या पाण्यात बायका ओळीने चालताना दिसतात, मधेच वाकतात. पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपायचा, कडक लागलं की बुडी मारून हाताने वर काढायचं. कमरेला बांधलेली टोपली पाण्यावर तरंगत मागे मागे येते. या तिसऱ्यांचं सुकं, खोबरं आणि तिरफळ घालून. कोल्हापूरच्या माणसाने असं बोलू नये, पण तांबडा-पांढरा त्यापुढे दुसऱ्या पंगतीत. हे माहेरी कुणी वाचणार नाही अशी आशा आहे.

२६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, किल्ल्याच्या होड्याही बंद. फ्लेक्स फाटून लोंबायला लागतात. तेव्हा फोन येतो : “आता येऊन काय उपयोग?” मी म्हणते, नारळी पौर्णिमेला या. किल्ल्याच्या नावाने सोन्याचा नारळ वाजतगाजत बंदरावर येतो, समुद्राला अर्पण होतो, आणि किनाऱ्यावर नारळ लढवायला सगळं गाव लोटतं. एकाच्या हातातल्या नारळावर दुसऱ्याने नारळ मारायचा. ज्याचा फुटला तो हरला. ज्याचा फुटत नाही तो माणूस त्या संध्याकाळी आमदारापेक्षा मोठा असतो.

पाण्याच्या वेळा निदान पाऊणपटीने काढता येतात. देवांच्या वेळांना तेही गणित नाही. मसुऱ्याजवळ आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा लाखोंच्या गर्दीची, पण तिची तारीख पंचांगात शोधू नका. गावकरी शिकारीला जातात, देवीचा कौल घेतात, मग दिवस ठरतो. तारीख फुटली की मुंबईतल्या चाकरमान्यांची तिकिटांसाठी अशी झुंबड उडते की कोकण रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. थंडीत गावोगावच्या जत्रांत दशावतार असतो. तो रात्री उशिरा उभा राहतो. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, मग शंकासुर, आणि त्यानंतर आख्यान, लिहिलेल्या संहितेशिवाय. कलाकार बाजूच्या खोलीत आरशाचा तुकडा मांडीवर धरून स्वतःचं तोंड स्वतः रंगवतात; मघाशी आपल्याबरोबर चहा घेतलेला मिशीवाला गृहस्थ मिशी काढून द्रौपदी होऊन येतो आणि बायका पदराने डोळे पुसतात. पहाटे दहीकाला होतो, तेव्हा संपतं. “दोन तासांचं नाही का काही?” असं ताईने विचारलं होतं. नाही. हवं तर झोपा मधे, लोक झोपतातच. युद्धाची झांज वाजली की जाग येते.

आणि आचऱ्याची गावपळण. रामेश्वराचा कौल झाला की दर तीन-चार वर्षांनी आख्खं आचरा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. सगळ्या जातीधर्मांची माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. घरांना कुलपं, दुकानं बंद, आणि वेशीबाहेर माळावर, खाडीकाठी झापांच्या झोपड्या. रात्री भजनं, पत्त्यांचे डाव, मोठ्या चुलीवर एकत्र जेवणं. हे ऐकून ताईने लगेच फोन काढला, पुढच्या गावपळणीला आचऱ्यातच राहायचं, आत्तापासून खोली बघून ठेवते म्हणाली. सासूबाई वाटणाला खोबरं किसत होत्या. त्या म्हणाल्या, “बुक कर गो बाय. पण खोलयेची चावी मागूक तुका वेशीभायर जावचा लागतला, आणि खोलीवालो तुका झोपडीतच ऱ्हवयतलो.”

ताईने विचारलं, “झोपडीत एसी असतो का?”